मुदत आणि मजकूर

मार्च महिना लागला की सरकारी कचेरी असो, सहकारी संस्था असो वा महाविद्यालयाचे कार्यालय असो, तेथील हवा एकाएकी तापू लागते. विवरणपत्रे, उपयोगिता प्रमाणपत्रे, अंदाजपत्रके, प्रस्ताव आणि अहवाल यांचा ढीग टेबलावर वाढत जातो व त्यातील प्रत्येक कागदाच्या माथ्यावर 'अत्यंत तातडीचे' असा शेरा असतो. सगळेच कागद तातडीचे ठरले म्हणजे कोणताच कागद तातडीचा उरत नाही, हे साधे तर्कशास्त्र त्या दिवसांत कोणाला आठवत नाही. आठवले तरी परवडत नाही. आमच्या सानगडीसारख्या गावातही चित्र निराळे नाही. दुपारी बारा वाजता मुख्याध्यापकांच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो आणि सायंकाळी पाचच्या आत अमुक नमुन्यात तमुक माहिती धाडावी असे त्यात फर्मावलेले असते. वर्ग सोडून दोन शिक्षक ती माहिती भरावयास बसतात. माहिती पाच वाजता जाते. ती बरोबर आहे की नाही, हे विचारणारा संदेश मात्र सहसा येत नाही.

घाईत लिहिलेला कागद चांगला कसा व्हावा, आणि चांगला कागद वेळेत कसा पुरा व्हावा, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन शिस्तीचा वाटतो. येथे ललित लेखनाचा विचार अभिप्रेत नाही. कवीला मुदत नसते आणि कविता चुकली म्हणून कोणाचे अनुदान अडत नाही. ज्या लेखनावर इतरांना पुढची कृती करावयाची असते, असे परिपत्रक, अहवाल, नोंदवही, नियमावली, माहितीपत्रक, यंत्र वापरण्याची सूचनापुस्तिका, यांच्यापुरताच हा विचार आहे. अशा लेखनाबाबत दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'आधी पाठवा, चुका मागाहून दुरुस्त करता येतील.' दुसरा पक्ष म्हणतो, 'कागद निर्दोष झाल्याखेरीज तो हातावेगळा करू नये.' प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. कारण घाईची किंमत किती, हा प्रश्न दोघेही विचारतात. ती किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही. खरा प्रश्न तोच आहे.

स्वतःची एक कबुली

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्वयंमूल्यमापन अहवालाच्या कामात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता. संस्थेची गुणवत्ता सिद्ध करण्यासाठी लिहावयाचा हा अहवाल प्रत्यक्षात शेवटच्या आठ दिवसांत, रात्री जागून पुरा झाला, यातील विसंगती त्या वेळी कोणाला टोचली नाही. अखेरच्या रात्री अकराच्या सुमारास असे ध्यानात आले, की एकाच वर्षातील विद्यार्थिनींची संख्या एका प्रकरणात एक आणि दुसऱ्या प्रकरणात निराळीच आहे. पहिली संख्या प्रवेशनोंदवहीवरून घेतलेली होती, दुसरी परीक्षेच्या अर्जांवरून. वस्तुतः दोन्ही संख्या आपापल्या जागी खऱ्या होत्या. त्या कोणत्या तारखेच्या आहेत, एवढेच कोणी लिहून ठेवले नव्हते. तारखांचा शोध घेण्यास सवड नव्हती. दोहोंपैकी मोठी संख्या दोन्ही ठिकाणी लिहावी असा निर्णय झाला, आणि तो निर्णय प्रस्तुत लेखकाचाच होता.

अहवाल मुदतीत गेला. पुढे त्या संख्येबाबत विचारणा झाली, तेव्हा कार्यालयातील दोन कारकुनांना तीन दिवस जुन्या नोंदवह्या चाळाव्या लागल्या. ज्या कामाला त्या रात्री अर्धा तास पुरला असता, त्याला मागाहून दोन माणसांचे तीन दिवस लागले. आणि ज्याने तो अर्धा तास वाचविला, त्याचा त्या तीन दिवसांत एकही तास खर्ची पडला नाही. अर्थशास्त्र शिकवून उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाला ही गोष्ट तेव्हाच कळावयास हवी होती. ती कळली थोडी उशिरा.

खर्च कोणाच्या नावे?

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू याने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधले. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर शेजाऱ्यांचे कपडे आणि भिंती काळ्या करतो. पण त्या धुलाईचा खर्च कारखानदाराच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. त्यामुळे समाजाला परवडणार नाही इतका धूर सोडणे कारखानदाराला मात्र परवडते. आमचे विद्यार्थी यालाच बाह्य खर्च म्हणून परीक्षेत लिहितात. घाईत लिहिलेला कागद हाही असाच एक धूर आहे. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, तो त्याच्या हिशेबात दिसतो. वाचणाऱ्याचा वेळ जातो, तो कोणाच्याच हिशेबात दिसत नाही.

एक कल्पित उदाहरण घ्या. समजा, एका कार्यालयाने दोनशे शाळांना एक परिपत्रक धाडले आणि ते पुन्हा एकदा वाचून पाहण्यास लागणारा अर्धा तास वाचविला. परिपत्रकातील एक वाक्य संदिग्ध राहिले. प्रत्येक शाळेत त्या वाक्याचा अर्थ लावण्यात पंधरा मिनिटे गेली असे धरले, तरी एकूण पन्नास तास खर्ची पडले. अर्ध्या तासाच्या बचतीसाठी पन्नास तासांचा व्यय कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही. पण येथे बचत एकाची आणि व्यय दोनशे जणांचा असल्यामुळे हा व्यवहार दररोज बिनबोभाट चालतो. त्यातही काही शाळांनी चुकीचा अर्थ लावून चुकीची माहिती पाठविली, तर ती परत येणार, नव्याने भरली जाणार आणि तिलाही पुन्हा 'तातडीचे' हाच शेरा मिळणार. आपल्या कचेऱ्यांतील तातडीचा बराच मोठा भाग हा आधीच्या तातडीने जन्माला घातलेला असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सातबाऱ्याचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविण्याचे काम महाराष्ट्रात झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. ही सोय लहान नाही. तलाठ्याच्या दाराशी घालवावा लागणारा दिवस तिने वाचविला आहे. परंतु जुन्या अक्षरातील नोंदी नव्या नमुन्यात उतरविताना कोठे नावातील एखादे अक्षर बदलले, कोठे क्षेत्राचा आकडा इकडचा तिकडे झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहे आणि तिच्या आधारे असे दोष दूर करता येतात. पण त्यासाठी अर्ज करावयाचा शेतकऱ्याने, जुने उतारे शोधावयाचे शेतकऱ्याने आणि तहसीलीच्या गावी खेपा घालावयाच्या त्याही शेतकऱ्यानेच. आमच्या धानपट्ट्यात आधारभूत किमतीला धान विकावयाचा, तर नोंदणीसाठी सातबारा लागतो. उताऱ्यावरील नाव आणि बँकेच्या पुस्तकावरील नाव जुळले नाही, की खरेदीकेंद्राच्या दारातच गाडी अडते. नोंद उतरविणाऱ्याने वाचविलेला एक मिनिट एखाद्याच्या हंगामाएवढा महाग पडू शकतो, तो असा.

या बाबतीत एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. २०१७ साली या संगणकीकृत नोंदींच्या चावडीवाचनाची मोहीम राज्यात घेण्यात आली. नोंदी गावकऱ्यांपुढे वाचून दाखवावयाच्या आणि ज्याच्या नावाची नोंद, त्यानेच ती बरोबर की चूक हे सांगावयाचे, अशी तिची कल्पना. कागदाची किंमत ज्याला मोजावी लागणार, त्याला तो अंतिम होण्यापूर्वी दाखवावा, हे तत्त्व यामागे आहे. गुणवत्तेच्या शास्त्रावरील जाडजूड ग्रंथांतही यापेक्षा मोठे तत्त्व सापडणे कठीण.

एका शब्दाचे आयुष्य

चुकीची दुरुस्ती मागाहून करता येते, हे ज्यांना वाटते, त्यांनी पूर्व विदर्भातील 'झुडपी जंगल' या दोन शब्दांचा इतिहास आठवावा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील हजारो हेक्टर जमिनीपुढे महसुली दप्तरात जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून ही नोंद आहे. मुरमाड, खुरट्या झुडपांची, गुरे चारण्याजोगी जमीन, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि त्यांच्याबरोबर दप्तरेही आली. राज्यांची फेरमांडणी ठरल्या तारखेला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, पार पडली. दप्तरातील शब्दांची छाननी मात्र मागे राहिली ती राहिलीच.

पुढे १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असे ठरविले, की सरकारी दप्तरात ज्या जमिनीची नोंद वन म्हणून आहे, ती कोणाच्याही मालकीची असली तरी तिला तो कायदा लागू होईल. त्या क्षणी एका ढिल्या नोंदीला कायद्याचे वजन प्राप्त झाले. ज्या जमिनीवर दरम्यानच्या काळात घरे, शाळा, कचेऱ्या आणि स्मशाने उभी राहिली होती, ती कायद्याच्या दृष्टीने वनात आली. हा गुंता सोडविण्यासाठी २२ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. झुडपी जंगल हे वनच होय, असे न्यायालयाने त्यात म्हटले. मात्र १९९६ च्या त्या आदेशापूर्वी झालेली वाटपे नियमित करून घेण्याचा मार्ग खुला करून दिला. वनीकरणास अयोग्य म्हणून राज्य सरकारने दाखविलेले क्षेत्रच सुमारे ८६ हजार हेक्टर आहे.

या निकालाच्या पर्यावरणीय बाजूची चर्चा येथे करावयाची नाही. वने वाचली पाहिजेत, याबद्दल दुमत असू नये. सांगावयाचे आहे ते एवढेच, की ज्या शब्दाची व्याख्या दप्तर हातात आले तेव्हा काही महिन्यांत करून टाकता आली असती, तिच्यासाठी जवळजवळ सत्तर वर्षे लागली. 'दुरुस्ती मागाहून करू' असे म्हणणाऱ्याची पिढी संपून जाते आणि ती दुरुस्ती करण्याची पाळी नातवंडांवर येते.

उशिराचीही किंमत असते

इतके वाचून एखादा वाचक म्हणेल, की मग मुदती काढूनच टाकाव्यात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कागद निर्दोष होईपर्यंत थांबावयाचे, तर तो निर्दोष होतो तोपर्यंत निरुपयोगी झालेला असतो. धानावर तुडतुडा पडल्याचा सल्ला कापणीनंतर आला, तर त्यातील औषधाचे प्रमाण अचूक असून काय उपयोग?

मराठीतील दोन मोठ्या ज्ञानप्रकल्पांची तुलना या दृष्टीने बोधप्रद आहे. रायपूरला जन्मलेले आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात नागपुरात ज्ञानकोशाच्या कामास आरंभ केला. पुढे ते काम पुण्यास गेले आणि तेवीस खंडांचा कोश त्यांनी पुरा केला. त्यांनी या उद्योगाचा जो इतिहास लिहिला, त्याचे नावच 'माझे बारा वर्षांचे काम' असे आहे. वर्गणीदारांचा तगादा आणि पैशाची ओढ मागे असल्यावर मुदत पाळावीच लागते. त्या कोशात उणिवा राहिल्या आणि टीकाही झाली. पण एका पिढीच्या हाती ज्ञान वेळेवर पडले. याउलट तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा खंड २०१५ मध्ये. विद्वत्ता व परिश्रम या बाबतीत विश्वकोशाला तोड नाही. परंतु विसावा खंड हाती येईपर्यंत पहिल्या खंडातील विज्ञानविषयक नोंदी सुमारे चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. दोन्ही कोशांनी खंड जसजसे तयार झाले तसतसे प्रसिद्ध केले, हा त्यांचा शहाणपणाच होता. ज्ञानालाही वय असते, एवढेच यातून ध्यानात घ्यावयाचे.

तेव्हा घाईची किंमत असते आणि उशिराचीही असते. अर्थशास्त्र अशा पेचात 'हे की ते' असे विचारीत नाही. वेळेचा पुढचा एक तास कोठे खर्च केला असता सर्वांत अधिक नुकसान टळेल, असे विचारते. आमच्या भागातील मालगुजारी तलावांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. मृगाचा पाऊस कोणाला मुदतवाढ देत नाही. पावसाळ्यापूर्वी सगळ्या पाळीची डागडुजी होणार नसेल, तर जाणता माणूस आधी तुडूम आणि सांडवा पाहतो, पाळीला भेग कोठे आहे ते पाहतो. पाळीवरील गवत काढावयाचे राहिले तर बिघडत नाही.

मुदतीची वाटणी

कागदालाही तुडूम आणि सांडवा असतातच. नावे, आकडे, तारखा, व्याख्या आणि 'कोणी, केव्हा, काय करावयाचे' हे सांगणारी वाक्ये, ही त्याची जोखमीची ठिकाणे होत. प्रास्ताविक, अलंकारिक वर्णन, छायाचित्रे, मुखपृष्ठाचा रंग, हे पाळीवरील गवत होय. आपल्याकडे मात्र बहुधा उलटे घडते. अहवालाचे मुखपृष्ठ चार वेळा बदलले जाते, मान्यवरांच्या नावांचा क्रम पाच वेळा तपासला जातो आणि तक्त्यांतील बेरजा तपासावयास रात्रीचे साडेअकरा उरतात.

वेळेची वाटणी कशी करावी, याचा आदर्श शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या कामाचे वेळापत्रक पाहावे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी ही समिती नेमली गेली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, तिने मसुदा सादर केला. देश फाळणीने होरपळत असताना केलेले हे काम मंदगतीचे होते, असे कोणी म्हणणार नाही. पण तेथेच मसुदा अंतिम झाला नाही. तो सुमारे आठ महिने लोकांपुढे ठेवण्यात आला. नंतर घटना समितीत त्याच्यावर कलमवार चर्चा झाली; ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. लिहिण्यास सहा महिने, आणि वाचणे, तपासणे व दुरुस्त करणे यांस त्याच्या तिप्पटीहून अधिक काळ! या कालापव्ययाबद्दल त्या वेळी टीकाही झाली होती. तिला डॉ. आंबेडकरांनी आपल्या समारोपाच्या भाषणात इतर देशांच्या घटनांचे दाखले देऊन उत्तर दिले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एवढी काळजी घेऊनही आपला मजकूर निर्दोष झाला आहे, असा दावा घटनाकारांनी केला नाही. ३६८ व्या कलमात दुरुस्तीची रीत त्यांनी संविधानातच घालून ठेवली आणि १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झालीही. आपला कागद चुकू शकतो, हे गृहीत धरून दुरुस्तीची वाट त्याच कागदात आखून ठेवणे, हे उत्तम मसुदाकाराचे लक्षण होय.

याच शहाणपणाचे एक घरगुती रूप आपल्या महसूल खात्यात फार दिवसांपासून आहे. पिकांची पैसेवारी एकदम अंतिम जाहीर होत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि वर्षअखेरीस अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती येते. पैसेवारी खरी किती आणि खोटी किती, याविषयी शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत व ते विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु या पद्धतीची रचना समंजस आहे. निर्णयाला लागणारा आकडा वेळेवर मिळतो, आणि तो कितपत पक्का आहे हे त्याच्या नावावरूनच कळते. नजरअंदाजाला कोणी अंतिम समजत नाही. आपल्या बहुतेक अहवालांत नेमके हेच नसते. तपासलेला आकडा आणि शेवटच्या रात्री अंदाजाने टाकलेला आकडा एकाच ठसठशीत अक्षरात शेजारी शेजारी बसतात, आणि वाचणारा दोहोंवर सारखाच विश्वास टाकतो.

टेबलावर काय करता येईल?

यावर कारकून मंडळींचा एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. मुदत ठरविणारा एक असतो, कागद लिहिणारा दुसरा. हाताखालच्या माणसाने वेळ वाढवून मागितला, तर तो कामचुकार ठरतो. चुकीचा कागद वेळेत दिला, तर तत्पर ठरतो. या पारितोषिकाच्या पद्धतीतच दोष असल्यावर निव्वळ उपदेशाने काय साधणार? म्हणून पहिली अपेक्षा मुदत घालणाऱ्या अधिकाऱ्याकडून आहे. माहिती कोणत्या निर्णयासाठी हवी आणि तो निर्णय कोणत्या दिवशी व्हावयाचा आहे, हे त्याने मुदतीबरोबरच लिहावे. ज्या माहितीवर पुढील महिन्यापर्यंत कोणी नजरही टाकणार नाही, ती आज पाच वाजता मागण्याचे मग त्यालाच अवघड जाईल. आणि दिलेल्या वेळेपैकी निदान एक चतुर्थांश वेळ तपासणीसाठी आहे, हे त्याने आदेशातच नमूद करावे.

पण तोपर्यंत लिहिणाऱ्याच्या हाती काहीच नाही, असेही नाही. प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या तारखेचा आणि कोणत्या नोंदवहीतील, हे लिहिण्यास चार शब्द लागतात. जे तपासता आले नाही, त्यापुढे 'तपासणे बाकी' असा प्रामाणिक शेरा मारण्यास दोनच लागतात. स्वतः लिहिलेला मजकूर स्वतःला बरोबरच दिसतो. म्हणून तो शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला वाचावयास द्यावा आणि त्याचा आपण वाचावा. आकडे एकाने मोठ्याने वाचावेत व दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहावेत, ही आपल्या जुन्या कारकुनांची रीत होती. संगणक आल्यापासून ती अकारण मागे पडली. संगणकाने टंकलेखनाचा वेळ वाचविला, तपासणीचा नव्हे. उलट गेल्या वर्षीचा मजकूर उचलून त्यावर नवे साल घालणे त्याने इतके सोपे केले आहे, की जुनी चूक न थकता दर वर्षी नव्याने प्रसिद्ध होते. आता तर संपूर्ण अहवाल लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांची वाक्ये सफाईदार असतात. पण प्रवेशनोंदवही उघडून विद्यार्थिनींची संख्या मोजणे हे काम अजूनही माणसालाच करावे लागणार आहे. लिहिणे जितके स्वस्त होईल, तितकी तपासणी मोलाची ठरेल.

शिक्षकांवर या बाबतीत विशेष जबाबदारी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. परीक्षेत शेवटची दहा मिनिटे राखून ठेवा, आसन क्रमांक तपासा, प्रश्नांचे क्रमांक पाहा, असे आपण विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. तेच विद्यार्थी प्रात्यक्षिकाची वही आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून उतरवून काढतात. आणि वही वेळेत आली, या समाधानात आपण तिच्यावर सही करतो. वेळेत आलेला कागद म्हणजे चांगला कागद, हा पहिला धडा त्यांना आपल्या सहीनेच मिळतो. पुढे तेच विद्यार्थी शिक्षक होतात, तलाठी होतात, अभियंते होतात आणि तो धडा विसरत नाहीत. वही दोन दिवस उशिरा आली तरी चालेल, पण तिच्यातील निरीक्षणे तुझी हवीत, असे एखाद्या वर्षी सांगून पाहिले पाहिजे.

येत्या मार्चमध्येही कागदांचा ढीग लागणारच आहे आणि मुदतीही अपुऱ्याच असणार आहेत. त्या वाढवून मिळतील, अशी आशा या लेखकाला नाही. मागणे आहे ते लहान आहे. कागद पाठविण्यापूर्वी, ज्याला तो हातात घेऊन कोणत्यातरी खिडकीपुढे उभे राहावयाचे आहे, त्या माणसाचे नाव आणि त्याचा आकडा तेवढा एकदा मूळ नोंदीशी ताडून पाहावा. बाकीच्या मजकुरात उणे राहिले, तर तो माणूस ते खुशीने माफ करील.